दिवा आणि लिंबाचा पाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरची कोणी शिकलेली बाई बोलवावी, असे मी सुचवले होते. ते कोणी ऐकले नाही आणि विषयाची चिठ्ठी माझ्याच हातात ठेवली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार बायकांपुढे उभे राहून बोलायची सवय नाही. तेव्हा काही चुकले तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

चिठ्ठीवर लिहिले होते, ‘वाडवडिलांचे ज्ञान आणि चांगले जगणे’. एवढा मोठा विषय बघून मी घाबरले. घरी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळदीचे बेणे निवडत बसल्या होत्या. त्यांनाच विचारले, “आत्याबाई, चांगलं जगणं म्हणजे काय हो?” त्या म्हणाल्या, “मला काय विचारायलीस माय? पोटाला मिळावं, रातच्याला झोप लागावी, दारातून कोणी उपाशी जाऊ नये. अजून काय पायजे?” आणि पुन्हा बेणे निवडू लागल्या.

मी त्यांच्याजवळ बसून निवडू लागले, आणि माझ्या ध्यानात आले की त्यांच्या या तीन गोष्टींसाठी किती बारीकसारीक ठाऊक असावे लागते! कोणता गड्डा बेण्याला ठेवायचा आणि कोणता बाजूला टाकायचा, हे त्या हाताने चाचपून सांगतात. हळद शिजली की नाही, हे काडी टोचून पाहतात. काडी आरपार गेली पाहिजे, फेस येऊन हळदीचा वास सुटला पाहिजे. आता वाफेचे कुकर आले, तरी आमच्या घरी अजून आत्याबाईंची काडी टोचल्याशिवाय हळद बाहेर निघत नाही. वाळवण झाले की एक हळकुंड मोडून पाहायचे. खणकन आवाज आला तर वाळले, नाही तर आणखी ऊन द्यायचे. हे त्या कोणत्या पुस्तकात शिकल्या नाहीत. त्यांनाही सही करण्यापुरतेच लिहिता येते.

आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या आधी वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला आणि सांगलीच्या हळदीलाही ते मिळालेले होते. मानांकन म्हणजे काय, हे मला माझ्या लेकीने समजावून दिले. ती नांदेडला शिकते. पण तिने त्याबरोबरच दुसरी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चकित झाले. आपल्यापैकी काहींनी ती वर्तमानपत्रात वाचली असेल.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीचे पेटंट मिळाले. कशाबद्दल, तर जखमेवर हळद लावली की जखम भरते, हा नवा शोध लावल्याबद्दल! अर्ज करणारे दोघे मूळचे आपल्याच देशातले होते, हे आणखी विशेष. बोट कापले की डब्यातली हळद दाबणे, हे आपल्या घरातले पाच वर्षांचे पोरही करते. ते म्हणे नवे! आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेल गावचा हा माणूस. त्यांनी ठरवले की हे सोडायचे नाही. परिषदेने अमेरिकेच्या पेटंट कचेरीत तक्रार दाखल केली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

हे ऐकून मला वाटले होते की आपल्या आजीबाईंचा विजय झाला. लेक म्हणाली, “आई, तसं नाही. आजीचं बोलणं तिथं चालत नाही. लिहिलेलं दाखवावं लागतं.” परिषदेने बत्तीस पुरावे दिले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यकांच्या मासिकात छापलेला एक लेखही होता. कागद होता म्हणून हळद वाचली. पुढे २००१ पासून सरकारने आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतले उपाय निवडून त्यांचा मोठा साठा संगणकावर करायला घेतला, तोही याचसाठी. पण त्यातही आले ते पोथ्यापुस्तकांतलेच. आत्याबाईंची काडी त्यात नाही. कळमनुरी आणि औंढ्याकडच्या आंध समाजाच्या बाया पावसाळ्यात तरोटा, कुरडू, करटुली घेऊन बाजारात येतात. कोणत्या पाल्याचे नुसते कोवळे शेंडे खुडायचे आणि कोणता उकडून पाणी फेकून द्यायचा, हे त्या येता-जाता सांगतात. तेही कुठल्या ग्रंथात आहे की नाही, देव जाणे.

इथवर आले तेव्हा मला वाटले, भाषण झाले. वाडवडिलांचे ज्ञान थोर आहे, ते लिहून ठेवा, असे सांगून खाली बसावे. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण रात्री झोप लागली नाही. कारण वाडवडिलांच्या ज्ञानाची दुसरी बाजू माझ्या माहेरात घडलेली आहे. ती आजवर मी मंडळात कधी बोलले नाही. माझ्या सासरीही दोघातिघांनाच ठाऊक आहे.

माझे आजोबा गावात जाणते म्हणून मानले जात. माझ्या लहानपणी गावात एकच पेव शिल्लक होते. तरुण मुलींनी पेव पाहिले नसेल म्हणून सांगते. कठीण मुरमाच्या जागी रांजणासारखा खड्डा खणायचा. तोंड लहान, पोट मोठे. आत ज्वारीच्या कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. दुष्काळाच्या साली हे पेव उघडायचे. दाणा वर्षानुवर्षे टिके. पण पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, ही सक्त ताकीद. एक दिवस तोंड उघडे ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला, तर कोणी उतरायचे नाही. जळत राहिला, तरच उतरायचे. घाई करून उतरलेली माणसे आत गुदमरून गेल्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या होत्या. आजोबा कंदील सोडत तेव्हा आम्ही पोरे श्वास रोखून बघत असू. माझा दादा, माझा मोठा भाऊ, हौसेने दोरी धरायचा.

१९९० सालचा भाद्रपद. मी दहा वर्षांची, दादा चौदाचा. तेव्हा आपला भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. पावसाची रिपरिप चालू होती. आम्ही सगळे जमिनीवर गोधड्या टाकून निजलो होतो. मध्यरात्री दादा उठला आणि पोट दुखते म्हणाला. हाताला काही तरी टोचल्यासारखे झाले होते, मुंगी चावल्याएवढेच. मायने दिवा मोठा करून गोधडी झटकली, तर खालून काळा, पांढऱ्या वळ्यांचा मण्यार निघाला.

दादाला मारुतीच्या देवळात नेले. तेव्हाची पद्धतच तशी होती. आजोबांनी लिंबाचा पाला आणून त्याला चावायला दिला. विष चढले असेल तर लिंब कडू लागत नाही, असा समज. आजोबांनी विचारले, “कडू लागतोय का रे?” दादा म्हणाला, “लई कडू.” साऱ्या देवळाने सुटकेचा श्वास टाकला. मायने मारुतीला नारळ कबूल केला. हात सुजला नव्हता, रक्त नव्हते, पोरगा बोलत होता. आता नुसते जागे ठेवा, उजाडले की घरी न्या, असे ठरले. थोड्या वेळाने दादा म्हणाला, “आबा, डोळे उघडंनात.” लोकांना वाटले झोप येते आहे. मग त्याला पाणी गिळता येईना. उजाडता उजाडता जीप मिळाली, पण दवाखाना यायच्या आत दादा गेला.

भगिनींनो, मला हे सांगताना आजही जड जाते. पण जे पुढे मला कळले ते सांगितलेच पाहिजे. मण्यारीचे विष नसांवर चालते. त्याने सूज येत नाही, फारसे दुखतही नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. जिभेची चव मात्र शाबूत राहते. म्हणजे दादाला लिंब कडू लागणारच होता. तो अखेरपर्यंत कडूच लागला असता.

माझ्या मनात किती वर्षे एक प्रश्न होता. कंदील सोडणारे आजोबा तेच आणि लिंब चारणारे आजोबाही तेच. दोन्ही गोष्टी त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवलेल्या, दोन्ही तेवढ्याच जुन्या. मग एकीने गावाची माणसे वाचवली आणि दुसरीने आमचा मुलगा कसा घेतला? हल्ली लेकीशी बोलताना मला याचा उलगडा झाला. पेवात कोंडलेला दाणाही श्वास घेतो आणि आतला प्राणवायू संपतो. ज्या कारणाने कंदील विझतो त्याच कारणाने माणूस गुदमरतो. कंदील माणसाच्या आधी जाऊन माणसाचेच संकट सोसून दाखवतो. लिंबाचा आणि मण्यारीचा असा काही संबंधच नाही. दोन्ही परीक्षाच, पण एक खरी, दुसरी नुसती परीक्षेसारखी दिसणारी. आणि बाहेरून बघता दोघींतला फरक कोणाला ओळखू येत नाही. जाणत्या माणसालाही येत नाही.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत देवळात बसवून ठेवलेली किती असतील?

आजोबांविषयी मात्र मला आणखी सांगू द्या. त्यांना दोष देण्यासाठी मी उभी राहिले नाही. ते त्यानंतर अकरा वर्षे जगले. त्या रात्रीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. पण गावात पुन्हा कोणाला पान लागले की देवळाकडे न जाता जीपवाल्याकडे सर्वांत आधी तेच धावत. आमच्या शेजारच्या काकूंना खुरपताना नागाने धरले, तेव्हा चार माणसे लिंब आणा म्हणाली. आजोबांनी काठी उगारून त्यांना गप्प केले आणि काकूंना तालुक्याला पाठवले. काकू आज नातवंडे खेळवतात. सत्तरीच्या वयात, गावासमोर, आपण जन्मभर मानले ते खोटे होते हे तोंडाने न बोलता कृतीने कबूल करायचे, याला किती बळ लागले असेल ते मला आता कळते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. नरसी हे आपण नामदेव महाराजांचे जन्मगाव मानतो. त्यांची गोरोबाकाकांच्या घरची कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. तेरला संत जमले होते. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते थापटून कळते. मग आमच्यातले कच्चे कोण तेही पाहा, असे त्या मुलीने म्हटले. प्रश्न विचारला तो वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईंनी, एवढे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले, नामदेवांना राग आला, आणि तेच कच्चे ठरले. म्हणजे देव ज्यांच्याशी बोलत असे तेच! पण कथा तिथे संपत नाही. रुसून पंढरपूरला गेलेले नामदेव पुढे आपल्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले आणि शिष्य झाले. श्रावणात औंढ्याला आपण सगळ्या जातो, नागनाथाचे दर्शन घेतो. मला तिथे उभे राहिले की आजोबा आठवतात.

थापटणे आपल्या ज्ञानालाही मारून पाहावे, एवढेच मला म्हणायचे आहे. हळदीचेच घ्या. किरकोळ कापले तर हळद ठीक. पण गंजलेला विळा खोल लागला, तर हळद दाबून घरी बसू नका, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. आत्याबाईंना हे पटायला दोन वर्षे लागली. त्यांची काडी मात्र अजून एकदाही चुकलेली नाही, तेव्हा तिच्यापुढे मी मान लववते. सगळेच जुने सोने म्हणणाऱ्या बायका आणि सगळेच जुने अडाणी म्हणणाऱ्या सुना, दोघी मला सारख्याच आळशी वाटतात. थापटून पाहण्याचे कष्ट दोघींनाही नकोत. (कोणी रागावू नये, आमच्या घरात दोन्ही आहेत.)

थापटून पाहणे म्हणजे काय, हे आपल्याच मराठवाड्यातल्या एका माणसाने दाखवले. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. ते कोकणात महाडकडे सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तिकडे लाल विंचू चावला की शंभरात सुमारे चाळीस माणसे दगावत. मंत्र होते, औषधी मुळ्या होत्या, दवाखान्यातही उपाय नव्हता. बावस्कर रोग्याच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी आला, हे लिहीत राहिले. त्या लिहिण्यातून त्यांना औषध सापडले आणि मरणाचे प्रमाण शंभरात एकावर आले. १९८२ साली त्यांचे लिखाण विलायतेच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दवाखान्यातले ज्ञानही असेच बसून, बघून, लिहून होते. तेही आभाळातून पडत नाही.

आणि लिहायला पदवीच लागते असेही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणे जपले आणि वाटले. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉटवां यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायांनी त्या गायल्या त्यांच्यापैकी कितीजणींना अक्षरओळख होती? दळताना म्हटलेले वाऱ्यावर जायचे ते राहिले, कारण कोणीतरी शेजारी बसून लिहून घेतले. जगावे कसे, दुःख गिळावे कसे, भावाला काय सांगावे आणि सासूला काय सांगू नये, हे सगळे आपल्या आयाआज्यांनी जात्यापाशीच बोलून ठेवले आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव एक लोकनोंदवही ठेवायची आहे. तिच्यात गावातली झाडे, बियाणे, औषधी पाले आणि त्यांचे ज्ञान लिहायचे असते. आपापल्या ग्रामपंचायतीत ती वही कुठे आहे, हे या महिन्यात प्रत्येकीने विचारून यावे. विचारायला पैसे पडत नाहीत. वहीत बायकांनी सांगितलेले किती आहे, तेही बघून यावे.

तोवर आपली वही आपण करू. मी दोनशे पानी वही विकत आणली आहे. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन भाग केले आहेत. डावीकडे काय करतात, कोणी सांगितले, किती प्रमाण, कोणता महिना, हे लिहायचे. उजवी बाजू कोरी ठेवायची. कोणी करून पाहिले, गुण आला की नाही, डॉक्टरीणबाईंना विचारले तर त्या काय म्हणाल्या, हे तिथे नंतर लिहायचे. चुकीचे ठरले तरी खोडायचे नाही. खोडले तर पुढची सून पुन्हा तेच करून बघेल.

पहिल्या पानावर मी पेवाचा कंदील लिहिला आहे. दुसऱ्या पानावर डावीकडे मण्यार आणि लिंबाचा पाला, आणि उजवीकडे दादाची रात्र, जशी घडली तशी. त्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिले आहे की घट्ट बांधू नये, कापू नये, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि विषावरची लस मिळेल त्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब न्यावे. ते पान लिहायला मला चार दिवस लागले. तिसरे पान आत्याबाईंनी सांगितले आणि मी लिहिले, हळदीच्या काडीचे. ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी तीन चुका काढल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत.

वही मंडळाच्या कपाटात आहे. किल्ली खजिनदारबाईंकडे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मंगळवारी दुपारी यावे, मी आणि माझ्याबरोबर दोघी लिहून घ्यायला बसणार आहोत. येताना जमले तर आपल्या घरातल्या म्हातारीला बरोबर आणा.